जनगणनेत मराठी घराची नोंद : मातृभाषा, जात आणि ‘समाज’ नेमका कसा सांगायचा?

लोकमान्यनगर_इंदूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. २०२७च्या जनगणनेआधी आमच्या भागातल्या मराठी घरांना वाटायला एक पानी माहितीपत्रक करायचं आहे. लोकांशी बोलताना तीच तीन कोडी पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून जाणकारांना विचारतो.

पहिलं मातृभाषेचं. नमुन्यादाखल एक घर घ्या. आजी-आजोबा मराठी बोलतात. मुलगा लहानपणापासून मराठीत वाढलेला. सून उज्जैनची, तिच्या माहेरी माळवी. नातवंडं आजीशी मराठीत, आईशी माळवी-हिंदीत आणि आपसात निव्वळ हिंदीत बोलतात. या घराची मातृभाषा काय सांगायची?

दुसरं जातीचं. या वेळी सगळ्यांची जात विचारणार आहेत. आपल्याकडे कुणी ‘महाराष्ट्रीयन ब्राह्मण’ म्हणतं, कुणी ‘दक्षिणी’, कुणी ‘मराठा’, कुणी सरळ आडनाव सांगून मोकळं होतं. यातलं काय टिकतं?

तिसरं, इंग्लंड-अमेरिकेच्या फॉर्मात वंश किंवा एथ्निक गट थेट विचारतात. आपल्याकडे ‘मराठी समाज’ असा रकानाच नाही. मग इंदूरचा मराठी माणूस मोजला जातो तो कुठल्या आकड्यात?

सुदामानगरवाला

माझं मत सरळ आहे. घरात सगळ्यांची मराठी सांगा, सुनेची आणि नातवंडांचीही. मध्य प्रदेशात आपण जेमतेम पावणेदोन टक्के. संख्या दिसली नाही तर पुढे शाळा, ग्रंथालय, काहीच मागता येणार नाही.

प्रगणक_प्रशिक्षण

सुदामानगरवाले दादा, तुमची कळकळ मान्य आहे, पण हा सल्ला पत्रकात घालू नका. एक तर जनगणना अधिनियम १९४८च्या कलम ८प्रमाणे, विचारलेल्या प्रश्नाचं आपल्या माहितीप्रमाणे खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. दुसरं म्हणजे नियम नीट वाचला तर खोटं न बोलताही मराठीची बरीचशी गळती थांबते. आजवरचं नुकसान नियमामुळे झालेलं नाही, प्रश्न प्रत्येकाला न विचारल्यामुळे झालं आहे.

२०११च्या कुटुंब अनुसूचीत (माणसागणिक माहितीच्या प्रश्नावलीत) १०वा प्रश्न मातृभाषा आणि ११वा येणाऱ्या इतर भाषा असा होता. मातृभाषेची व्याख्या अगदी नेमकी आहे: त्या व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत होती ती. आई तान्हेपणीच वारली असेल तर बालपणी घरात मुख्यतः जी भाषा बोलली जायची ती. तान्ह्या मुलांसाठी आणि ज्यांना बोलता-ऐकता येत नाही त्यांच्यासाठी आई एरवी जी भाषा बोलते ती. काहीच ठरत नसेल तर घरात मुख्यतः चालणारी भाषा.

‘घराची मातृभाषा’ असं काही या व्याख्येत नाहीच. रकाना माणसागणिक आहे. आज ऑफिसात कुठली भाषा चालते, शाळेचं माध्यम कुठलं, विचार कुठल्या भाषेत येतात, यातलं काहीच विचारलेलं नाही.

आता तुमचं नमुना घर. आजी मराठी, आजोबा मराठी. मुलाशी त्याची आई मराठीत बोलली, म्हणून तो मराठी, मग आज तो दिवसभर हिंदीत का वावरेना. सुनेची माळवी. तिनं ‘माळवी’ म्हटलं तर माळवीच लिहायचं. प्रगणकानं, म्हणजे घरोघरी माहिती लिहून घेणाऱ्यानं, तिला ‘म्हणजे हिंदीच ना’ म्हणून हिंदी करायचं नाही. सांगितलेली भाषा दुसऱ्या कुठल्या भाषेची बोली आहे की नाही हे ठरवणं त्याचं काम नाही, तसं प्रशिक्षणात स्पष्ट सांगतात. नातवंडांशी आई ज्या भाषेत बोलते ती त्यांची. ती हिंदीत बोलत असेल तर हिंदी, माळवीत बोलत असेल तर माळवी. सून लग्नानंतर मराठी शिकून मुलांशी मराठीतच बोलत असेल तर मुलांची मराठी, पण तिची स्वतःची तरीही माळवीच. या शेवटच्या मुद्द्यावर लोक हमखास अडखळतात.

आणि नातवंडांचं मराठी वाया जात नाही. पुढचाच प्रश्न इतर भाषांचा असतो. मातृभाषा सोडून आणखी दोन भाषा, जी जास्त चांगली येते ती आधी. मातृभाषा हिंदी असेल तर तिथे मराठी आणि इंग्रजी लिहून घ्यायची. मुलाच्या बाबतीत हिंदी आणि इंग्रजी. बहुतेक घरं या प्रश्नापर्यंत कंटाळलेली असतात आणि ‘बाकी काही नाही’ म्हणतात. माझा आग्रह आहे की पत्रकात हा प्रश्न ठळक छापा, कारण तिसऱ्या पिढीतली मराठी जगवणारी नोंद इथेच होते.

चुकतं कुठे ते सांगतो. प्रगणक बहुधा त्याच मोहल्ल्यातले शिक्षक किंवा अंगणवाडी कार्यकर्त्या असतात. घरातला एक जण सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देतो, प्रगणक त्याच्याशी हिंदीत बोलतो, तो हिंदीत उत्तरं देतो. पहिल्या माणसापुढे ‘हिंदी’ पडलं की खालच्या सगळ्यांपुढे तेच उतरतं. भाषा मोठ्यानं विचारलीच जात नाही. उपाय साधा आहे. प्रगणक येण्याआधी एका कागदावर उभे चार रकाने आखा: नाव, मातृभाषा, दुसरी भाषा, तिसरी भाषा. घरातल्या प्रत्येकाची ओळ भरा आणि तो कागद उत्तर देणाऱ्याच्या हातात द्या. स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय या वेळी आहे. ती वापरली तर शेवटी एक आयडी मिळतो. तो जपून ठेवा, प्रगणक घरी आल्यावर त्याला द्यावा लागतो. पोर्टलवर माहिती भरली म्हणजे प्रगणक येणार नाही असं समजू नका, पडताळणीसाठी तो येतोच.

लोकमान्यनगर_इंदूर

फार स्पष्ट झालं, धन्यवाद. एक उपप्रश्न: आमच्याकडे बऱ्हाणपूरकडची काही घरं आहेत. ती घरी अहिराणी बोलतात, पण विचारलं की मराठी सांगतात. त्यांनी काय सांगायचं?

तक्ते_वाचणारा

त्यांची आई त्यांच्याशी अहिराणीत बोलली असेल तर अहिराणी. पण ‘अहिराणी’ लिहिल्यावर पुढे काय होतं हे त्यांना माहीत असायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वर्गीकरण दोनदा होतं: एकदा दारात, एकदा कचेरीत. दारात काय लिहिलं जातं ते आपल्या हातात असतं, कचेरीत काय होतं ते नसतं.

२०११मध्ये देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावं आली. यात एकाच भाषेची वेगवेगळी स्पेलिंगं होती, गावांची नावं होती, जातींची नावंही भाषा म्हणून लिहिलेली होती. भाषाशास्त्रज्ञांनी ती छाननी करून १,३६९ मातृभाषांवर आणली. १,४७४ नावं कशातच बसली नाहीत, ती ‘इतर’मध्ये गेली. देशभरात १०,००० किंवा जास्त लोकांनी सांगितलेल्या मातृभाषा निघाल्या २७०. त्या एकत्र बांधून १२१ भाषा झाल्या, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या (तिथे नावानं नोंदलेल्या भाषा) २२ आणि बाकीच्या ९९. ही १०,०००ची चाळणी १९७१पासूनची आहे. १९६१मध्ये ती नव्हती, म्हणून तेव्हाची १,६५२ ही संख्या एवढी मोठी दिसते. लोक त्यावरून ‘हजार भाषा मेल्या’ असं म्हणतात. भाषा मरताहेत हे दुःख खरं आहे, पण हा आकडा त्याचा पुरावा नाही, इथे मोजायची रीतच बदलली आहे.

आता या बांधाबांधीत कोण कुठे जातं ते पाहा. अहिराणी ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली जाते, मराठीखाली नाही. कोंकणी १९९२पासून आठव्या अनुसूचीत आहे, तीही वेगळी. उलट माळवी आणि निमाडी दोन्ही हिंदीखाली. २०११मध्ये सुमारे ५२ लाख लोकांनी माळवी सांगितली आणि सुमारे २३ लाखांनी निमाडी, आणि ते सगळे हिंदीच्या ५२.८३ कोटींत आहेत. नुसती ‘हिंदी’ असं सांगणारे त्यात साधारण ३२ कोटी, बाकी भोजपुरी, राजस्थानी, बुंदेली वगैरे. मैथिली १९९१पर्यंत हिंदीतच होती. २००३च्या ९२व्या घटनादुरुस्तीनं ती आठव्या अनुसूचीत आली आणि २००१चे तक्ते निघाले तेव्हा ती स्वतंत्र झाली. बोलणारे तेच होते, डब्यावरचं नाव बदललं.

पण माळवी हिंदीत मिसळून नाहीशी होते असंही नाही. भाषेच्या तक्त्याचा क्रमांक सी-१६. जनगणनेच्या संकेतस्थळावर तो राज्यवार मिळतो, मध्य प्रदेशचा राज्य संकेतांक २३. फाइल उघडली की प्रत्येक भाषेपुढे सहा आकडी संकेतांक दिसतो. पहिले तीन आकडे भाषेचे, पुढचे तीन तिच्यातल्या मातृभाषेचे. हिंदीची बेरीज ००६००० या ओळीत, आणि ००६ने सुरू होणाऱ्या खालच्या ओळींत माळवी, निमाडी, बुंदेली सुट्या सुट्या. मराठीचा आकडा ०१३००० या ओळीत. प्रत्येक ओळीत एकूण, ग्रामीण आणि नागरी असे गट आणि त्यात पुरुष-स्त्रिया. जिल्हा आणि तहसील पातळीपर्यंत हे मिळतं, म्हणजे इंदूर तहसील आणि महू तहसील वेगवेगळे पाहता येतात. माझी कळकळीची विनंती आहे की पत्रक काढण्याआधी एकदा ही फाइल स्वतः उघडून पाहा. मंडळांमध्ये ‘इंदुरात मराठी पाच लाख’ अशा गोष्टी बिनदिक्कत चालतात. तक्ता उघडला की काय ते कळतं. नातवंडांची ‘दुसरी भाषा मराठी’ ही नोंद सी-१७मध्ये येते, द्विभाषिक-त्रिभाषिकांच्या तक्त्यात. तो फारसं कुणी उघडत नाही.

सुदामानगरवाल्यांच्या शाळेच्या मुद्द्याबद्दल. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले निकष असे: प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिक्षण हवं तर शाळेत ४० किंवा एका वर्गात १० विद्यार्थी. स्थानिक सूचना-नियम अल्पसंख्य भाषेत छापायचे तर जिल्ह्यात किंवा नगरपालिका क्षेत्रात १५ टक्के. यातला १५ टक्क्यांचा निकष जनगणनेच्या आकड्यावर चालतो आणि इंदुरात मराठी त्याच्या जवळपासही नाही, सुनेची भाषा बदलून लिहिली तरी नाही. शाळेचा निकष मात्र पालकांच्या नावनोंदणीवर चालतो. दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज तिथे जास्त कामाचा आहे. त्याला घटनेच्या ३५०अ कलमाचा आधार आहे.

सुदामानगरवाला

हे मला ठाऊक नव्हतं. सुनेबद्दलचा माझा सल्ला मागे घेतो. सह्यांच्या अर्जाचं आम्ही बघतो.

कारेलीबाग_बडोदे

जातीच्या प्रश्नाबद्दल मी लिहितो. इथे बडोद्यात आणि तिकडे तुमच्याकडे अडचण एकच आहे: महाराष्ट्राबाहेर आपली भाषा, प्रांत आणि जात या तिन्हीला आजूबाजूचे लोक एकच शब्द वापरतात.

‘मराठी’ आणि ‘मराठा’ यांत फक्त शेवटच्या स्वराचा फरक आहे. इंदूरचा हिंदी प्रगणक किंवा बडोद्याचा गुजराती प्रगणक दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरतो. ‘आम्ही मराठी आहोत’ असं जातीच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं की तिथे ‘मराठा’ पडणार, मग सांगणारा शिंपी असो, कासार असो की कायस्थ. ‘महाराष्ट्रीयन’ आणि ‘दक्षिणी’ ही तर जातीची नावंच नाहीत, ती प्रांतावरून पडलेली आहेत. ‘महाराष्ट्रीयन ब्राह्मण’मधलं पहिलं पद गळून ‘ब्राह्मण’ उरेल किंवा सबंध एक नवीच जात तयार होईल.

नवी जात तयार होते हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. २०११च्या सामाजिक-आर्थिक आणि जात गणनेत नेमकं हेच झालं. (ती जनगणना अधिनियमाखाली झालेली नव्हती, हे लक्षात असू द्या.) जातीचं नाव सांगणारा सांगेल तसं लिहून घेतलं, हाताशी प्रमाण यादी नव्हती. निघाली सुमारे ४६ लाखांहून अधिक नावं: जाती, पोटजाती, आडनावं, गोत्रं, कुळं. १९३१मध्ये, म्हणजे सगळ्या जाती मोजून छापल्या गेल्या त्या शेवटच्या जनगणनेत, ती संख्या ४,१४७ होती. केंद्र सरकारनं २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात हे दोन्ही आकडे आहेत. जातीचा तो आकडा वापरण्याजोगा राहिला नाही तो याच कारणानं. एकाच पोटजातीचे चार भाऊ ‘देशस्थ’, ‘ऋग्वेदी देशस्थ’, ‘देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण’ आणि ‘कुळकर्णी’ असं चार दारांत सांगतात, आणि संगणकाला त्या चार जाती दिसतात. ‘पवार’, ‘पोवार’ आणि ‘पंवार’ यांचं तर विचारूच नका, त्यात जात, आडनाव आणि कूळ तिन्ही मिसळलेलं आहे.

एका अक्षराची किंमत केवढी असते याचं उदाहरण होळकरांच्या इंदुरात सगळ्यांना कळेल. ‘धनगर’ आणि ‘धनगड’. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरान, धनगड’ अशी नोंद आहे, मध्य प्रदेशच्या यादीत ओरांव आणि धानका यांच्याबरोबर धनगड. धनगर ही नोंद त्या याद्यांत नाही. त्यावरचा वाद जुना आहे आणि तो इथे मिटणार नाही. पण दारात लिहिताना र आणि ड यांत गफलत झाली तर ते कुटुंब थेट वेगळ्या प्रवर्गात जाऊन पडतं. बोलून न थांबता लिहिलेलं दाखवा, एवढंच म्हणेन.

म्हणून पत्रकात असं सुचवा: घराघरानं जातीचं एकच नाव ठरवावं, जातीच्या दाखल्यावर किंवा जुन्या शाळेच्या दाखल्यावर आहे त्याच स्पेलिंगनं. भाऊबंदांनीही तेच वापरावं. आधी जात, मग पोटजात, आडनाव जातीच्या जागी अजिबात नको. दाखला सोबत ठेवा तो स्पेलिंगसाठी. प्रगणक तो मागू शकत नाही, आणि जनगणनेतल्या उत्तरानं कुणाला आरक्षण मिळत नाही की कुणाचं जात नाही. जनगणना अधिनियमाच्या कलम १५प्रमाणे तुमची वैयक्तिक नोंद कुणाला पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही ती चालत नाही. आपल्या लोकांना याची भीती वाटते, म्हणून हे वाक्य पत्रकात हवंच. आणि त्याच कायद्यात एक जुनं वळण आहे, ते घरातल्या काकू-आजींना सांगा: नवऱ्याचं नाव घ्यायला कुठलीही स्त्री बांधील नाही.

लोकमान्यनगर_इंदूर

कारेलीबागकर, फार उपयोगी. आमच्याकडे बौद्ध घरं बरीच आहेत. ती धर्म ‘बौद्ध’ सांगतात आणि जात विचारली की ‘नवबौद्ध’. हे चालतं का?

कारेलीबाग_बडोदे

नाही चालत, आणि यात प्रत्यक्ष नुकसान आहे. अनुसूचित जात म्हणून नोंद व्हायला दोन अटी आहेत. धर्म हिंदू, शीख किंवा बौद्ध यांपैकी असावा. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५०च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध. आणि सांगितलेली जात त्या राज्याच्या यादीत असावी. प्रगणकाकडे ती यादी असते. ‘नवबौद्ध’ हे यादीतलं नाव नाही. ‘हरिजन’, ‘दलित’ ही सर्वसाधारण नावंही चालत नाहीत. अशा वेळी प्रगणकानं खरं नाव विचारायचं असतं, पण घाईत तो ‘अनुसूचित जात नाही’ असं करून पुढे जातो. म्हणून धर्माला ‘बौद्ध’ आणि जातीला यादीतलं नाव, उदाहरणार्थ महार, असं दोन्ही स्वतंत्र आणि स्पष्ट सांगायचं. महार ही नोंद मध्य प्रदेशच्या यादीत आहे. धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ पडलं नाही ना हेही पाहा. पुष्कळदा तो रकाना न विचारताच भरला जातो.

अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. कुठल्याही धर्माची व्यक्ती चालते.

पडाव_ग्वाल्हेर

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून मी येतो. ‘मराठी समाज’ असा रकाना आपल्याकडे नाही, कारण भारताच्या जनगणनेनं वांशिकता हा प्रश्न कधी एकत्र ठेवलाच नाही. तिचे तुकडे केले: धर्म, अनुसूचित जाती-जमाती, मातृभाषा, जन्मस्थान, आणि आता पुन्हा जात. इंदूरचा मराठी माणूस त्यातल्या फक्त मातृभाषेच्या तुकड्यात ‘मराठी’ म्हणून दिसतो. आई हिंदीत बोलली की पुढच्या पिढीत तो तिथूनही जातो, मग घरी गणपती दहा दिवस का बसेना. वरच्या उत्तरांत ‘दुसरी भाषा’ एवढी धरून ठेवायला सांगितली आहे ती म्हणूनच.

एकच प्रश्न विचारणाऱ्या देशांचं चित्र फार सुखाचं आहे असं समजू नका. अमेरिकेचं बघा. १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनेत तिथे ‘हिंदू’ हा वंश होता. पंजाबातून गेलेला शीख असो की मुसलमान, लिहिलं जायचं ‘हिंदू’. १९७०मध्ये भारतीय मंडळी गोऱ्यांत धरली गेली. १९८०पासून ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन आहे. एकाच माणसाला साठ वर्षांत तीन वंश मिळाले आणि तो स्वतः काही बदलला नव्हता. एकाहून जास्त वंशांवर खूण करायची मुभा तिथे २०००मध्ये मिळाली. मार्च २०२४मध्ये नियम पुन्हा बदलले: हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषी देशांतल्या मूळचे) आहात का आणि वंश कोणता हे दोन प्रश्न एक केले, आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा नवा गट धरून एकूण सात गट. यात मराठी, गुजराती, तमिळ असा फरक कुठेच दिसत नाही. घरी बोलायची भाषा आता तिथे वेगळ्या नमुना सर्वेक्षणात विचारतात.

इंग्लंडमध्ये एथ्निक गटाचा प्रश्न १९९१पासून आहे. २०२१मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या फॉर्मात पाच मोठ्या गटांखाली १९ चौकोन होते. ‘इंडियन’ हा त्यातला एक. मराठी दिसायची ती मुख्य भाषेच्या प्रश्नात लिहिली तरच. फ्रान्समध्ये जनगणना वंश किंवा धर्म विचारतच नाही.

नेपाळ आपल्याला जवळचा. तिथे जात/जनजाती सगळ्यांना विचारतात. २०११मध्ये १२५ गट निघाले, २०२१मध्ये १४२. दहा वर्षांत सतरा नवे समाज जन्माला आले असं कुणी समजू नये. जे आधी दुसऱ्या नावाखाली मोजले जात होते त्यांना स्वतःचं नाव मिळालं. आणि २०२१मध्ये त्यांनी मातृभाषेबरोबर पूर्वजांची भाषाही वेगळी विचारली. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी हाच खरा प्रश्न आहे.

मराठी माणसाला तर याचं अजून जवळचं उदाहरण आहे, मॉरिशस. तिथल्या जनगणनेत ‘पूर्वजांची भाषा’ आणि ‘घरी बोलायची भाषा’ असे दोन प्रश्न शेजारी शेजारी विचारले गेले. घरी क्रिओल ही तिथली रोजची भाषा बोलणारी कुटुंबं पहिल्या प्रश्नाला ‘मराठी’ लिहितात, आणि एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या माणसांचे वंशज त्या एका ओळीत आजही मोजता येतात. त्याच मॉरिशसनं ‘समुदाय’ हा प्रश्न मात्र १९७२नंतर काढून टाकला. पण निवडणुकीत कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समुदायांना द्यायच्या जादा जागांचं गणित १९७२च्याच आकड्यांवर अडकून राहिलं. प्रश्न विचारला तर भांडण, काढला तर जुनाच आकडा चालू.

आणि मोकळी जागा ठेवावी की चौकोन द्यावेत, हे सगळीकडेच अवघड जातं. ब्राझीलमध्ये १९७६च्या एका सर्वेक्षणात लोकांना आपला रंग स्वतःच्या शब्दांत सांगायला लावलं तर शंभराहून अधिक शब्द आले. जनगणनेत मात्र पाचच पर्याय. संयुक्त राष्ट्रांची शिफारस अशी की माणसानं स्वतः सांगावं, मोकळं उत्तर देता यावं, एकाहून जास्त ओळखी सांगता याव्यात. आपल्या ४६ लाखांचा अनुभव बघता, मोकळ्या उत्तराबरोबर मागे प्रमाण यादी आणि समानार्थी नावांचा कोश नसेल तर ही शिफारस कागदावरच राहते.

तक्ते_वाचणारा

पडावकरांच्या मुद्द्याला जोडून. ज्यांना १९३१शी तुलना करायची आहे त्यांनी जपून. तेव्हा इंदूर संस्थान मध्य भारत एजन्सीच्या अहवालात आहे आणि बडोदा संस्थानाचा अहवाल स्वतंत्र निघाला होता. आजच्या जिल्ह्यांच्या सीमा त्यांच्याशी जुळत नाहीत. १९३१चा इंदूरचा जातवार आकडा घेऊन आजच्या इंदूर जिल्ह्याशेजारी मांडलेली कोष्टकं फिरत असतात, ती चुकीची आहेत.

लोकमान्यनगर_इंदूर

पत्रकाचा मसुदा आता जवळपास तयार आहे. शेवटचा प्रश्न: मुलं पुण्याला हॉस्टेलवर शिकतात किंवा परदेशात आहेत, त्यांची नोंद इंदूरच्या घरात करायची का?

प्रगणक_प्रशिक्षण

तारखा आधी. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६मध्ये राज्यवार. त्यात घर, सोयी आणि कुटुंबप्रमुख अनुसूचित जाती, जमाती की इतर, एवढंच. माणसागणिक मातृभाषा, धर्म आणि जात फेब्रुवारी २०२७च्या टप्प्यात. संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरतात तो, १ मार्च २०२७च्या शून्य तासाचा. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे पत्रक दोनदा वाटा. घरयादीच्या वेळी वाटलेलं फेब्रुवारीपर्यंत कुणाजवळ राहत नाही.

मुलांचं २०११च्या नियमानं सांगतो. गणनेच्या सबंध काळात जो घरी नसेल आणि तो काळ संपायच्या आत परतणारही नसेल, त्याला इंदूरच्या घरात धरत नाहीत. हॉस्टेलवरच्या मुलाची नोंद हॉस्टेलमध्येच, संस्थात्मक कुटुंब म्हणून. परदेशात असलेला मुलगा मोजलाच जात नाही. हौसेनं त्याचं नाव यादीत घालू नका.

पण हॉस्टेलच्या मुलाला दोन गोष्टी फोन करून सांगून ठेवा. तिथे वॉर्डन किंवा एखादा विद्यार्थी सगळ्या खोल्यांची माहिती एकगठ्ठा देतो, आणि इंदूरहून आलेला म्हणून त्याच्यापुढे सरळ ‘हिंदी’ पडतं. त्यानं आपली मातृभाषा आणि इतर दोन भाषा लिहून द्याव्यात. दुसरं, अनुसूचित जाती-जमातीचा मुलगा असेल तर त्याची नोंद महाराष्ट्राच्या यादीप्रमाणे होईल, मध्य प्रदेशच्या नाही. जी जात इंदुरात यादीत आहे ती पुण्यात नसू शकते, आणि तसं असेल तर जनगणनेत तो अनुसूचित म्हणून मोजला जाणार नाही. त्याच्या दाखल्याला किंवा शिष्यवृत्तीला याचा धक्का लागत नाही, पण वॉर्डननं तसं लिहिलं म्हणून पोरगा घाबरतो. त्याला आधीच सांगितलेलं बरं.